शेवटचा आकडा

दवनीवाड्यात धनेंद्र पटले नावाचा माणूस राहतो आणि अमेरिकेतल्या यच्चयावत म्हाताऱ्यांच्या लघवीची खबर त्याच्याकडे असते. हसू नका. पानठेल्यावरचा उदाराम तर शपथेवर सांगतो, की तिकडे कुणी बाई पोट धरून बसली की इकडे धनेंद्रच्या गोठ्यातली म्हैस कान टवकारते. म्हशीचं सोडा. बाकीचं जवळजवळ खरं आहे.

नागपूरच्या एका कंपनीचं काम तो घरी बसून करायचा. तिकडच्या डॉक्टरांनी लिहिलेली टिपणं कॉम्प्युटरवर वाचायची आणि रोगाला त्याचा ठरलेला कोड लावायचा. कोड लागला की पुढचं विमावाले बघणार. धनेंद्रच्या वाट्याला मूत्रविकार आले होते. मूत्राशयाला सूज, म्हणजे एन तीस. सूज नवी असेल तर टिंबापुढे शून्य, जुनाट असेल तर दोन, कसली ते डॉक्टरनं लिहिलंच नसेल तर नऊ. आणि या सगळ्यांच्या पुढे एक शेवटचा आकडा. लघवीत रक्त नसेल तर शून्य, असेल तर एक.

या शेवटच्या आकड्यावर धनेंद्रचा भारी जीव. पुष्कळ डॉक्टर रक्ताचं काही लिहितच नाहीत, आणि तिथं शून्य ठोकून मोकळं व्हायला नियमाची ना नाही. पण धनेंद्र मोकळा व्हायचा नाही. तो सात समुद्रांपलीकडे विचारणा धाडायचा, ‘रक्त होतं की नव्हतं, कृपया कळवावे.’ उदारामच्या सांगण्याप्रमाणे या विचारणांना कंटाळून तिकडच्या एका डॉक्टरनं दवाखाना बंद केला आणि बटाटे लावले.

धनेंद्रची माय रामकली दाराशी बसून तांदूळ निवडायची आणि ऐकायची. तिला तो सगळा कारभार एखाद्या सासुरवाशिणीच्या हकिकतीसारखा लागायचा.

“मंग? त्या कालच्या बुढीले होतं का रक्त?”

“होतं, माय. डॉक्टर लिहायलेच भुलला होता.”

“बापा! अन् तू नसता विचारलं त?”

“त झालंच नाई. कागदावर नाई ते झालंच नाई, असा हिशेब राहते आमचा.”

रामकलीनं ते वाक्य एखाद्या मंत्रासारखं मनात ठेवून दिलं. साठीची बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. पोराचं वाक्य तिला वेदाहून कमी नव्हतं.

धान कापणी आटोपली आणि रामकली बांधावरून उठून वारंवार बाजूला जाऊ लागली. आग होते, म्हणाली. एवढं सांगायलाही तिनं सुनेला, रिंकीला, मधे घातलं. धनेंद्रनं ऐकलं मात्र, एन तीस टिंब नऊ हे त्याच्या डोक्यात उमटून गेलं. मायला मोटरसायकलवर बसवून तो गोंदियाला घेऊन गेला.

डॉक्टर हिंदीतून बोलणारा. रामकलीनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि त्या पदरातून ती पोराकडे बघत बसली. परक्या पुरुषापुढे असल्या गोष्टी बोलायच्या कशा?

“माताजी, जलन होती है? बार-बार जाना पड़ता है?”

“हाँ, डॉक्टरसाब,” धनेंद्र म्हणाला.

“पेशाब में खून-वून?”

आता बघा. जगातल्या शेकडो बायांबद्दल हा प्रश्न विचारलेला माणूस. पण त्या बाया कागदातल्या. त्यांना ना पदर होता, ना त्यांच्या हातचं जेवून तो मोठा झालेला. इथं मान वळवून पोटच्या पोरानं मायला विचारायचं, माय, तुझ्या मुतात रक्त येते का? धनेंद्रच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जीभ टाळूला चिकटली आणि सुटली ती वेगळंच बोलत सुटली.

“नहीं, डॉक्टरसाब.”

पदराच्या आत काहीतरी हललं. रामकलीनं तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटून घेतलं.

डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि आराम पडला नाही तर लघवी तपासून या म्हणाला. आराम पडला. मग आग परत आली, तेव्हा जुन्याच चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या आल्या. मग पुन्हा आल्या.

याच दिवसांत एक चमत्कार झाला. घरामागचा लालभाजीचा भरलेला वाफा रामकलीनं एका सकाळी मुळासकट उपटला आणि म्हशीपुढे टाकला.

“मायनं सारी लालभाजी उपटली,” रिंकीनं नवऱ्याला सांगितलं. “बी त तिनंच धरलं होतं. विचारा ना जरा.”

“विचारतो,” धनेंद्र स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

नंतर तिनं पान सोडलं. चाळीस वर्षं पान खात आलेली बाई! कात नको, म्हणाली. पुढे लाल मिरचीचा ठेचा बंद झाला. बाजारातून आलेलं बीट तिनं शेजारी देऊन टाकलं. गावात चर्चा, की रामकलीनं कुठला तरी गुरू केला आणि त्यानं लाल रंग वर्ज्य सांगितला. उदाराम तर म्हणे, तिला पाहून लाल कोंबडाही बाजूच्या गल्लीतून जातो. लोक खूप हसले. धनेंद्रही हसला. एवढा हुशार पोरगा, पण माय घरातून एकेक लाल वस्तू काढून काय शोधते आहे, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

मग एक दिवस वीज गेली आणि टाकीतलं पाणी संपलं. रामकली संडासातून रिकामी बादली घेऊन बाहेर आली आणि दार धरून उभी राहिली. रिंकीला आत जाऊ देईना.

“सरक, माय. मी टाकतो पाणी,” रिंकी म्हणाली.

“नको वो. मी आणतो ना.”

रिंकीनं तिला हळूच बाजूला केलं. बाहेर येऊन ती सरळ नवऱ्यापुढे उभी राहिली. “रक्त आहे. थोडंथोडकं नाई. आता लाजत बसू नका.”

नागपूरला दुर्बीण टाकून पाहिलं, तुकडा तपासायला गेला. मोठ्या डॉक्टरनं अहवाल पुढ्यात ओढला, पण धनेंद्रनं तो टेबलावर उलटाच वाचला होता. सी सदुसष्ट. मूत्राशयाच्या कर्करोगाला कोडवाल्यांनी एखाद्या देवळासारखं मोजून ठेवलंय. घुमट वेगळा, समोरची भिंत वेगळी, बाजूची वेगळी, मागची वेगळी. अहवालात मागची भिंत होती. आणि गाठ भिंतीपलीकडे गेली होती. इथं टिंबापुढे नऊ लावायची गरजच नव्हती. सगळं अगदी स्पष्ट लिहिलेलं.

“खून कब से आ रहा है?” डॉक्टरनं विचारलं. या वेळी धनेंद्रनं मान मायकडे वळवली.

“लालभाजी पेरली, त्याच्याही पहिलेपासून,” रामकली म्हणाली.

डॉक्टर म्हणाला, सुरुवातीला आणलं असतं तर आतून खरवडून काढता आलं असतं. आता दुखू नये एवढं बघू.

बाहेरच्या बाकावर धनेंद्र बराच वेळ चपलेनं फरशी घासत बसला.

“माय, तवाच सांगितलं काऊन नाई?”

“तू नाई म्हनलास ना.” रामकलीच्या आवाजात तक्रार नव्हती, तीच गोष्ट वाईट. “तुले साऱ्या बायांचं समजते. म्या म्हटलं, रक्त म्हनतेत ते दुसरंच काही राहत असंल. माह्यं पानाचं नाईतं भाजीचंच असंल. अन् कागदावर नाई ते झालंच नाई, तूच त म्हनतेस.”

आता तिची खाट कॉम्प्युटरच्या खोलीतच टाकली आहे. हात पडले, पाय पडले, कान शाबूत. काल ओहायोकडच्या कुणा बुढीचं टिपण आलं. सूज लिहिलेली, जळजळ लिहिलेली, पुढे काही नाही. धनेंद्रचं बोट शून्यावर जाऊन थांबलं.

“रक्ताचं लिहिलं का?” खाटेवरून आवाज आला.

“नाई, माय.”

“मंग विचार.”

त्यानं विचारणा लिहायला घेतली.

“अन् असं लिहिजो,” रामकली भिंतीकडे कूस वळवत म्हणाली, “का बुढीसंग तिचं पोरगं आलं असंल, त पहिले त्याले बाहेर बसवा म्हना.”

असली ओळ लिहायची कंपनीची रीत नाही. धनेंद्रनं ती लिहिली, पुसली, आणि पुन्हा लिहिली.