डावखुरा हात

तपासणीला आलेल्या रक्ताच्या नळ्यांची झाकणं फिरवून फिरवून माझं मनगट कामातून गेलं, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेचे डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही बाहेर काउंटरवर बसा." मी, काउंटरवर! लोकांची नावं लिहीत! माझं डोकंच फिरलं. आतल्या टेबलाजवळची ती खुर्ची म्हणजे माझा जीव की प्राण.

घरी येऊन मी भांडी आपटली. नणंद हसली. तिला आम्ही खटपटी म्हणतो. मिक्सर तिने दोनदा सुधारला आणि तिसऱ्यांदा कायमचा झोपवला.

"वहिनी, झाकणं उघडणाऱ्या यंत्राच्या हाताचे आराखडे इंटरनेटवर फुकट आहेत. कुणीही घ्यावेत, हवे तसे बदलावेत. आपण बनवू या की!"

प्लास्टिकचे भाग थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतले, मोटर जुन्या प्रिंटरची, बोटांना सायकलच्या ट्यूबचं रबर. मी झाकण उघडून दाखवायचे, ती मापं घेऊन तीच हालचाल हाताला शिकवायची. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हात चालला तर खुर्ची तुमची. सांडासांड झाली तर काउंटर."

चाचणीला त्यांनी नळ्यांचा स्टँड हाताच्या उजवीकडे ठेवला. नोंद लिहून झाल्यावर डावीकडच्या रिकाम्या स्टँडमध्ये सहज स्वतःचं शाईचं पेन उभं केलं. ते पेन त्यांच्या वडिलांचं. कुणाला बोट लावू देत नसत.

"करा सुरू."

हात उठला आणि थेट डावीकडे वळला. मी डावखुरी! खटपटीने माझी हालचाल जशीच्या तशी उतरवली होती, आणि घरी आम्ही स्टँड आपसूक डावीकडेच ठेवत होतो.

"बंद कर गं!" मी किंचाळले. तिला घाईत बटण सापडेना. तोवर हाताने पेन धरलं, टोपण हळूच फिरवून काढलं, क्षणभर थांबून परत लावलं आणि तो ऐटीत बाजूला झाला.

डॉक्टरांनी पेन उलटसुलट करून पाहिलं. ओरखडा नाही, शाईचा ठिपका नाही.

"मी उघडतो तेव्हा माझी बोटं निळी होतात!" म्हणत ते हसत सुटले. मग आम्हालाही हसू आवरेना.

"लगेच उजवा करून देते, सर," खटपटी म्हणाली.

"कशाला? स्टँड इकडे सरकवू." त्यांनी स्वतः तो डावीकडे सरकवला, आणि हाताने सगळ्या नळ्या एकही थेंब न सांडता उघडल्या.

लहानपणापासून 'उजव्या हाताने कर' एवढंच ऐकत आले होते. माझ्या बाजूला काही सरकवलं गेलं ते पहिल्यांदाच. डोळे भरून आले. ते पुसत मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.