शेषराव कोच हरायला निघाले

अकोल्यात शेषरावांसारखा बास्केटबॉलचा कोच दुसरा नव्हता, आणि त्यातच त्यांचं वाटोळं झालं.

सन अठ्ठावन्नची गोष्ट. ओमप्रकाशशेठच्या तेलगिरणीतल्या हमाल पोरांना त्यांनी खेळ शिकवला. रिंग म्हणजे तेलाच्या पिंपाचं कडं, बोर्ड म्हणजे गोदामाचा मोडका दरवाजा. तरी ही पोरं वऱ्हाडभर फिरली आणि जिथं गेली तिथून कप घेऊन आली. शेठजींच्या गादीमागं कपांची अशी दाटी झाली की लक्ष्मीचा फोटो दिसेना. कोचसाहेब मात्र गिरणीच्या दप्तरी डब्यांचे कारकून, आणि निजायला बारदानाची खोली. तिथं बायको-पोर आणायची सोय नव्हती. दुर्गाबाई आणि लहानगी शालू अंजनगाव सुर्जीला, दुर्गाबाईंच्या माहेरी. शेषराव कधी गेलेच तर शालू आत ओरडून सांगायची, पाहुणे आले.

अशात अमरावतीच्या एका कॉलेजात कोचाची जागा निघाली. वर राहायला दोन खोल्या. कॉलेजचे भगवंतराव स्वतः येऊन म्हणाले, "शेषराव, तुमचं नाव आमाले पुरे आहे. एखाद्या वेळी हारले तरी पोटात घालू. फक्त शेठजीनं तुमाले सोडलं पायजे. दसऱ्याच्या आत सांगा."

शेठजी लोडाला टेकून म्हणाले, "जीतणारा बैल कोनी बाजारात नेते का? हारला तं जा. मी सोता टांग्यात बसवून देतो."

दुर्गाबाई दसऱ्यासाठी शालूला घेऊन जठारपेठेत मावशीकडं उतरल्या होत्या. शेषरावांनी त्यांना सगळं सांगितलं.

"मंग हारा ना," त्या म्हणाल्या. "त्याले काय शिकवणी लागते?"

"मले येतच नाई ते."

"लोकं तं जनमभर हारून राहिले. कोनालेबी इचारा."

खंडेनवमीला गिरणी बंद, म्हणून त्याच दिवशी अमरावतीच्या एका क्लबाशी फायनल ठेवली होती. शेषरावांनी हरायची तयारी अगदी मन लावून केली. उंचापुरा देवमन बाहेर बसवला. त्याच्या जागी घेतला मोतीराम. याला भर दुपारीही समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागे, आणि त्याचा बॉल रिंगीच्या आसपास गेलेला आजवर कोणी पाहिला नव्हता.

"मी कावून बाहेर?" देवमननं विचारलं.

"तुले ताप आहे."

"मले?"

"येईन आता ताप."

तेवढ्यात बॉल आला आणि शेषरावांना देव पावला. सकाळी पोरांनी यंत्रांसोबत त्याचीही पूजा केली होती. गिरणीची रीत अशी, की हत्याराला आधी तेल चोपडायचं, मग हळदकुंकू. बॉल तेल पिऊन मासोळीसारखा गुळगुळीत झाला होता. पंच म्हणाले, पुसा. पोरं म्हणाली, नवमीची पूजा पुसत नसतात. पूजेतलं हत्यार वापरतही नसतात, पण शेठजींनी देवाला कौल लावला होता आणि फूल उजवीकडं पडलं होतं, म्हणून खेळायला हरकत नव्हती. पंचांनी पाहुण्यांचा बॉल मागितला.

"आमचा तं पूजेत बसला," पाहुण्यांचा कोच अब्दुल रहीम म्हणाला. "उद्या उठते. सेक्रेटरीसाहेब हात लावू देत नाईत."

हा बॉल कोणाच्या बापाला धरता येणार नाही, त्यात मोतीराम. हार पक्की. शेषरावांनी मनातल्या मनात अमरावतीच्या खोल्यांना चुना मारला.

पण तेलगिरणीची पोरं वर्षभर दुसरं करत काय होती? तेलकट डबेच झेलत होती. अमरावतीच्या पोरांच्या हातून बॉल निसटून, शेषरावांची हार पाहायला येऊन बसलेल्या भगवंतरावांच्या धोतरात गेला, पंचांच्या कानावर बसला. गिरणीच्या पोरांनी तो डब्यासारखा पोटाशी धरला आणि रांगेनं पुढं दिला. रांगेच्या टोकाला मोतीराम. त्यानं डोळे मिटून फेकला तर कड्यात. पुन्हा फेकला, पुन्हा कड्यात.

"मोतीराम, दुरून मार," शेषराव घाबरून ओरडले.

त्यानं मैदानाच्या मधून मारला. तोही गेला.

"काय डोकं आहे कोचाचं," मागं कोणीतरी म्हणालं. "हा हिरा इतके दिस लपवून ठेवला."

मॅच संपली तशी शेठजींनी तिथंच कोचसाहेबांच्या अंगावर शाल घातली आणि जाहीर केलं, शेषराव जिंदगीभर गिरणीचेच. टाळ्या थांबायच्या आत पाहुण्यांच्या सेक्रेटरीनं रहीमला कामावरून काढलं. धोतराचं तेल झटकत भगवंतरावांनी विचार केला: जागा उद्याच्या आत भरायची, शेषराव सुटत नाहीत, आणि हा माणूस तर आत्ताच रिकामा झाला. त्यांनी रहीमला नेमलं.

रहीम खालमानेनं शेषरावांजवळ आला. "भाऊ, माफ करा. खुदाची कसम, मी जिंकालेच आलो होतो."

"मी हाराले," शेषराव म्हणाले.

मैदानाच्या कडेला दुर्गाबाई शालूचा हात धरून उभ्या होत्या.

"जिंकले ना?"

"हो."

"मंग आमी दसरा झाला की जातो अंजनगावले." मग त्यांनी विचारलं, "पुढच्या साली तरी?"

शेषरावांनी मैदानाकडं पाहिलं. पोरांनी मोतीरामला खांद्यावर घेतलं होतं, आणि ताप नसलेला देवमन पुढं नाचत होता.

"पुढच्या साली," ते म्हणाले, "हे पोट्टे आखीन चांगले होतीन."