कोंडाबाईचं पांढरं लुगडं

मी एक नऊवारी. रंगानं पांढरी, काठ जेमतेम बोटभर. आमच्या भागात मला लुगडं म्हणतात, तुम्हीही म्हणा. अंगात आता बळ उरलेलं नाही, म्हणून सांगायचं ते सांगून टाकते. माझं थोडं, कोंडाबाईचं जास्त.

सोलापूरकडच्या एका मागावर मी विणली गेले आणि गठ्ठ्यातून उदगीरला ईश्वरप्पांच्या कापडदुकानात आले. हिरवी, जांभळी लुगडी वरच्या फळीवर ऐटीत बसायची. मी सगळ्यांच्या खाली. मला मागायला यायचा तो एखादा खाली मान घातलेला पुरुष. घासाघीस न करता घेऊन जायचा.

छप्पन सालच्या दीक्षेनंतरची ती वर्षं. गावोगावची माणसं पांढरी वस्त्रं नेसून बुद्धाच्या वाटेनं निघाली होती. एके दिवशी देवणीकडच्या एका खेड्यातून निवृत्ती आणि त्याची बायको कोंडाबाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. निवृत्तीनं पांढरं लुगडं मागितलं. ईश्वरप्पांनी आवाज उतरवून विचारलं, कोण गेलं म्हणून.

"कुणी गेलं न्हाई, शेटजी," निवृत्ती म्हणाला. "आमीच निघालोत. बुद्धाकडं."

ईश्वरप्पांची थोरली बहीण दानम्मा आतल्या दारातून ऐकत होती. ऐन तरुणपणी विधवा होऊन ती भावाकडे आलेली. गळ्यात लिंगायतांचं लिंग, अंगावर माझ्यासारखंच पांढरं. ती बाहेर आली, खालच्या फळीवरून तिनं मला ओढून काढलं आणि वरून न टाकता कोंडाबाईच्या हातात दिलं. त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. ईश्वरप्पांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"नवरा जिता असताना पांढरं नेसणारी तू मला पहिलीच दिसलीस, बाई," दानम्मा म्हणाली. "आमच्या शरण-संतांनी बी सांगून ठेवलंय, सुतक न्हाई, विटाळ न्हाई. पोथीतच ऱ्हायलं ते."

दीक्षेच्या दिवशी कोंडाबाई मला नेसायला बसली, तर निऱ्या हातातून सुटायला लागल्या. दारात तिची सासू नागुबाई उभी होती. सोन्यासारखा नवरा असताना कपाळ पांढरं करून घ्यायचे हे डोहाळे, असं ती बोलत होती. कोंडाबाईनं निऱ्या खोचल्या आणि ती दीक्षेच्या माळावर गेली. सगळ्यांबरोबर तिनं त्रिशरण घेतलं, पंचशील म्हटलं. हातातल्या हिरव्या बांगड्या मात्र तिनं माझ्या पदराखाली घट्ट धरून ठेवल्या होत्या. तिच्या मनात काय चाललं होतं ते त्या माळावर फक्त मला ठाऊक होतं.

पुढची वर्षं चांगली गेली. घरातले देवांचे टाक विहिरीत गेले. नवस, कोंबडी, अंगात येणं थांबलं. निवृत्तीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, त्यापायी गावाचा रागही सोसला. मुलगी झाली, तिचं नाव पंचशीला ठेवलं आणि तिला शाळेत घातलं. बुद्धपौर्णिमा आली की कोंडाबाई मला नेसायची. निऱ्या आता सुटत नव्हत्या.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मांजरेच्या पात्रात माणसं झरे उकरत बसायची. नवराबायको पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. तो खोदायचा, ती पाट्या वाहायची, आणि तिथं खायला मिळालेली सुकडी पोरीसाठी पदरात बांधून आणायची. एका दुपारी वरची दरड सुटली आणि निवृत्ती तिच्याखाली गेला. कोंडाबाई रिकामी पाटी घेऊन परत येत होती. ती धावेपर्यंत सगळं संपलं होतं.

प्रेताजवळ नागुबाई एवढंच म्हणाली, "म्या सांगितलं व्हतं."

ते वाक्य कोंडाबाईच्या काळजात रुतलं. दिवस-कार्य झाल्यावर तिनं ट्रंकेतून मला काढलं आणि चुलीपाशी नेलं. जाळ माझ्या काठाला लागला, करपल्याचा वास आला, तशी तिनंच हातानं विझवलं. बोटं भाजली तिची. दुसऱ्या दिवशी मला फडक्यात गुंडाळून ती उदगीरच्या वाटेला लागली. वाटेत सावलीला हिरवं झाड नव्हतं.

दुकानाच्या मागच्या ओसरीवर दानम्मा बसली होती. कोंडाबाईनं गाठोडं तिच्यापुढं ठेवलं.

"हे ठिवून घ्या, अक्का. मला नगं." आणि मग तिनं विचारलं, "खरं सांगा. माझ्यामुळं गेले का ते?"

दानम्मानं माझ्या करपलेल्या काठावरून हात फिरवला.

"मी हिरवं नेसून बोहल्यावर चढले," ती म्हणाली. "वरीस सरायच्या आत माझे मालक गेले. त्या हिरव्याला आजवर कुणी बोल लावला न्हाई बघ."

मग दोघी रडल्या. एकीच्या गळ्यात लिंग होतं, दुसरीनं बुद्ध धरला होता, आणि दोघींना छळणारी गोष्ट एकच होती. निघताना दानम्मानं मला नीट घडी घालून कोंडाबाईच्या हातात परत दिलं. कोंडाबाईनं घरी आणलं. पण पुन्हा कधी अंगाला लावलं नाही.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराला पंचशीलाला तिथल्या एका नव्या कचेरीत नोकरी लागली. लग्न ठरलं. आपल्यात नवरी पांढरं नेसते, मग मी आईचंच नेसणार, असं तिनं धरलं. कोंडाबाई नाही म्हणाली. पोरगी रुसली, मग चिडली.

"भिंतीवर बुद्धाचा फोटो लावतीस आन् लुगड्याला भितीस?"

"बुद्ध डोक्यात आलाय गं," कोंडाबाई म्हणाली. "काळजात यायला टाईम लागायलाय."

पंचशीला हसली. नवी पांढरी साडी आणली गेली. मांडवात कोंडाबाई अगदी मागं बसली, आणि अक्षता... नाही, फुलं टाकायची होती, तीही तिनं लांबूनच टाकली. पुढं काही वर्षांनी ती गेली. मी ट्रंकेतून पंचशीलाच्या लोखंडी कपाटात आले.

हल्ली बुद्ध फार ठिकाणी दिसतो. दिवाणखान्यात, हॉटेलात, कारंज्याशेजारी. पंचशीलाचा मुलगा पुण्यात ज्या कंपनीत आहे तिथं ध्यानाला वेगळी खोली आहे म्हणे. फोनमधली बाई सांगते तसा तो श्वास घेतो, सोडतो. त्याला बरं वाटतं, मला त्याचा आनंदच आहे. मात्र त्या डोळे मिटण्याआधी कुणीतरी हातातून सुटणाऱ्या निऱ्या खोचल्या होत्या, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेची गोष्ट. पंचशीलाचे यजमान साहेबराव हृदयाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले. विहारात जायला तिनं कपाट उघडलं. पांढऱ्या साड्यांची चळत समोरच होती. हात पुढं गेला आणि थबकला. साड्या सोडून तिनं नवऱ्याकडं पाहिलं. शिकलेली, नोकरी करून निवृत्त झालेली बाई, पण चेहरा हुबेहूब कोंडाबाईचा झाला होता. मग तिनं तळातून मला काढलं आणि छातीशी धरून पलंगाच्या कडेला बसली. "आईला मी हसले व्हते," असं पुटपुटली.

साहेबरावांना कळलं असावं. ते म्हणाले, "नेस की. मी काय लगेच जात न्हाई."

तिनं मला उलगडलं. इतकी वर्षं एकाच घडीवर राहिलेलं सूत ते. घडीघडीवर मी फाटत गेले. नेसण्याजोगी उरलेच नाही.

आता मी तिच्या मांडीवर आहे. तिला एकच सांगावंसं वाटतं. पंचशीले, चांगले राहिलेले तुकडे कापून कुणाच्या तान्ह्या लेकराला दुपटं शीव, मला पुन्हा घडी घालून ठेवू नकोस. आणि चळतीतली कुठलीही पांढरी नेसून विहारात जा. भीती जाईल मग नेसू, असं म्हणत बसू नकोस. तुझी आई भीत होती. भीत भीतच नेसली होती.