धुपावर खेळणारी प्रेस

घोटावड्याच्या पत्र्याच्या कारखान्यात त्या अमावस्येला पाय ठेवायला जागा नव्हती. पत्रा दाबून आकार देणाऱ्या, सत्त्याऐंशी सालच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवाल्या प्रेसमध्ये म्हणे देवी संचारली होती! कुशाबा भगत धुपाटणं फिरवून "थांब गं माये" म्हणाला की प्रेस थांबे. "खेळ गं माये" म्हणाला की कुणी बटण न दाबता धाडकन खाली येई. सर्वांत पुढे हात जोडून उभे होते खुद्द मालक हैबतराव.

प्रोग्राम तपासायला आलेली पौडची इंजिनिअर मुनीरा हसू दाबत होती. तेवढ्यात कुशाबा प्रेस चालवणाऱ्या बायजाकडे वळला.

"हिच्यावर माय कोपलीया! खरी असशील तर बाजूनं आत हात घाल."

"घाल की," हैबतराव म्हणाले. "मन साफ असंल तर काय बी व्हत न्हाई."

"आन् झालं तर? पोरास्नी भाकरी कोन थापंल?" बायजा रडकुंडीला आली.

मुनीराचं हसू कुठल्या कुठे पळालं. तिने आधी मेन स्विच ओढला. "आता खेळवा, भगतबुवा."

माय हलेना.

"रुसली!" कुशाबा म्हणाला.

"वीज गेली हो," मुनीरा म्हणाली.

यंत्राला दिलेल्या सूचनांतली चूक ती नेहमी तीन प्रकारांत शोधायची: चुकीची सूचना, अर्धवट सूचना आणि दिलेलीच नसलेली. तिसरीची तिला फार धास्ती, कारण कितीही वाचलं तरी ती दिसत नाही. प्रेसच्या फक्त पुढे प्रकाशाचा झोत होता; बाजूने घातलेल्या हाताने तो अडत नसे. तो अडला की थांब, ही सूचना अगदी बरोबर होती. झोत मोकळा झाल्यावर काय करायचं?

इथे रीतच अशी, की दर अमावस्येला धूप दाखवायचा तो चालत्या यंत्राला. बंद यंत्राला दाखवणं म्हणजे अपशकुन! म्हणजे धूर चालत्या प्रेसच्या झोतात जाणारच.

मुनीराने सगळ्यांना मागे सारलं, बायजाच्या हाताऐवजी पूजेचा नारळ ठेवला आणि मेन स्विच परत लावून प्रेस चालू केली. ती खाली येऊ लागताच कुशाबाचं धुपाटणं झोतासमोर धरलं. प्रेस थांबली. धूर पांगताच प्रेस खाली आली. नारळाचा भुगा झाला.

"मंत्र न म्हणताच खेळली की! धुरानं थांबते हे तुम्ही मागच्याच अमावस्येला हेरलं होतंत ना, बुवा?"

बुवा धुपाटणं शोधण्यात गर्क झाले. ते मुनीराच्या हातात होतं.

"म्हंजी यंत्र खुळं?" हैबतरावांनी चाचरत विचारलं.

"यंत्र सांगितलं तेवढंच करतं. माणसानं बटण दाबेपर्यंत हलू नको, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. ते मी आज सांगते. तोवर प्रेस बंद."

बायजा भुग्याकडे बघत आपला हात चोळत होती.

"बाबांनो," मुनीरा म्हणाली, "नवल दिसलं की हात जोडण्याआधी विचारा, सांगायचं काय राहिलं? नारळ उद्या दुसरा आणाल. हात कुठून आणाल?"