मी दोन किलो म्हणालो होतो

मी वजनकाटा बोलतोय. माधवनगरात सोनमच्या पुढच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी माझी जागा आहे. डोक्यावर स्टीलचं ताट, पोटात बॅटरी, तोंडावर लाल आकडे. बोलतोय म्हणण्यापेक्षा तक्रार करतोय म्हणा. ज्याचा शब्द उभ्या आयुष्यात शेवटचा मानला गेला, त्याला कुणी विचारेनासं झालं तर तो दुसरं काय करणार?

माझे पहिले मालक नानासो. याच गल्लीत त्यांचं बेदाण्याचं दुकान होतं. रोज सकाळी ते मला फडक्यानं पुसायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं की माझ्याकडे बोट दाखवायचे. "आवं, मी कुटं काय म्हणतोय? काटा म्हणतोय!" तिथं वाद मिटायचा. पुढे गुडघे दुखायला लागले तसं त्यांनी दुकान आवरलं आणि मला शेजारच्या सोनमच्या हातात दिलं.

सोनमचा नवरा मल्हार यंत्रमागावर कामाला. सासू-सासरे मात्र जतकडच्या कोरड्या माळावर, गावीच. सासरे बिराप्पा हातमागावर घोंगड्या विणतात, सासू हरणाबाई लोकरीचं सूत कातते. बाजारात घोंगडीला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा म्हातारा माग मोडून चुलीत घालायची भाषा करू लागला. ते ऐकून सोनमनं फोनवर दुकान मांडलं. घोंगड्यांचे फोटो काढले, सासऱ्यांच्या हातांचेही काढले. आणि खरोखर, पुण्याहून, बेंगळुरूहून मागणी यायला लागली.

मग प्रश्न आला डिलिव्हरीचा. पोचवायचे पैसे किती लावायचे?

सोनमनं पहिली घोंगडी माझ्यावर ठेवली. मी सांगितलं, दोन किलो. "काटा दोन म्हणतोय, तर दोन किलोचंच घ्यायचं. लोकांस्नी उगं जास्त लावाय नगं," ती मल्हारला म्हणाली. तसा दर तिनं दुकानावर लिहिला. चुरगळू नये म्हणून प्रत्येक घोंगडी मोठ्या खोक्यात घालून पाठवली. मी तर फुशारलोच होतो.

महिनाअखेरीस कुरियरचं बिल आलं. प्रत्येक खोक्यापुढे वजन पाच किलो! सोनम तावातावानं बिल घेऊन गेली, मलाही पिशवीत घालून नेलं. कुरियरवाल्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई, खोकं मोठं असलं की आम्ही त्याचं माप घेऊन त्यावरून किलो काढतो, काट्यावरचं वजन धरत नाही. गाडीत जागा किती अडवली, त्याचे पैसे."

"म्हंजे आतल्या हवेचं बी पैसं?"

"तसंच म्हणा."

हवेचं वजन! मला विचारलं असतं तर मी शून्य सांगितलं असतं. पण मला विचारतो कोण? घरी आल्यावर सोनमनं माझ्या ताटावर चापट मारली. "तुजा काय उपेग रं?" आणि मला कॉटखाली ढकललं.

पुढचं सगळं मी तिथूनच ऐकलं. तिनं खोकी बंद केली. घोंगडी घट्ट गुंडाळून कापडात शिवून पाठवू लागली. तरी लांबची डिलिव्हरी महागच. दर वाढवला तर लोक घोंगडी निवडायचे, पैसे भरायची वेळ आली की पसार व्हायचे.

"आगं, सगळी फ्री देत्यात. तू बी फ्री लिही," मल्हार म्हणाला.

तिनं लिहिलं. मागणी धो धो आली. सोनम रात्रंदिवस पार्सलं शिवायची, आणि हाती काही राहायचं नाही. शेवटी तिनं सासऱ्यांना फोन लावला.

"मामा, पुढल्या खेपंपासनं घोंगडीमागं थोडं कमी देईन म्हणते. डिलिव्हरी लय खातीया."

पलीकडून बिराप्पा म्हणाले, "बरं पोरी. तुजं नुकसान नगं व्हायला."

पुढच्या खेपेला हरणाबाई एसटीनं आली, ती एकच घोंगडी घेऊन.

"आत्या, एकच?"

"म्हातारा मागावर बसंना झालाय. कमी देनार हायस म्हणून न्हाई गं. म्हनतोय, माज्या इणण्यापरीस पोचवणं म्हागलं, मग इणायचं कशाला?"

सोनमनं ती एक घोंगडी घट्ट गुंडाळली. सासू परत गेल्यावर तिनं मला कॉटखालून ओढून काढलं. धूळ पुसली. गुंडाळी माझ्यावर ठेवली, मग टेप लावून तिचं माप घेतलं. कुरियरवाल्याला फोन करून एकेका ठिकाणचा दर विचारला आणि 'फ्री' हा शब्द पुसून टाकला. जवळच्या गावांना एक दर, बाकी महाराष्ट्राला दुसरा, त्यापलीकडे तिसरा. माधवनगरला येऊन नेली तर काही नाही.

मागणी एकदम आटली. मल्हार चिडला. "दुसऱ्यांस्नी कसं परवडतंय?"

"ते कुणाच्या पोटातनं देत्यात, तुमास्नी ठाव हाय का?" सोनम एवढ्या जोरात बोलली की माझे आकडे लुकलुकले.

साताऱ्याच्या संयोगिताबाईंचा फोन आला. "घोंगडी छान आहे हो, पण डिलिव्हरी माफ करा ना. सगळीकडे मोफत असते."

"ताई, मोफत कुटंच नसती. माज्याकडं ती माज्या सासऱ्याच्या मजुरीतनं जायची येळ आली हुती."

"बरं, बघते," म्हणून बाईंनी फोन ठेवला. परत काही केला नाही.

असे कितीतरी फोन. मी आपला शून्य दाखवत बसायचो. मग एकेक गिऱ्हाईक दर मान्य करून घ्यायला लागलं. मलकापूरचे भाऊसो, पलटणीतून निवृत्त झालेले, मोटारसायकलवरून येऊन दोन घोंगड्या घेऊन गेले. फ्रीच्या दिवसांतली झुंबड नाही, पण गेलेली घोंगडी तोट्यात जात नव्हती.

परवा सोनमनं पुन्हा फोन लावला. "मामा, आदीचाच दर. एक रुपाया बी कमी न्हाई."

"आन् डिलिव्हरी?"

"ती घेणारा देतोय."

बिराप्पा खाकरले. "मग हरणाला चिंचोकं भिजत घालाय सांगतो. मागावर चढवायच्या आदी सुताला खळ लावाय पायजे."

माझं म्हणाल तर राग गेलेला नाही. पार्सलावर सोनम माझा आकडा लिहिते, कुरियरवाला तो खोडून स्वतःचा लिहितो. माझ्या आकड्यातली एक रेघ तर आता पेटतच नाही. आठाचा सहा दिसतो. कधीतरी मी भंगारात जाईन. त्याआधी एवढंच मागतो: 'डिलिव्हरी फ्री' वाचून हरखाल, तेव्हा एक ध्यानात असू द्या. तुमच्या दारापर्यंत घोंगडी चालत येत नाही. तिचं ओझं कुणीतरी उचललेलं असतं. ते कुणी उचललं, एवढं विचारत जा.