न टाकलेला शब्द

आईने लेसिएलीच्या कमरेला पातीच्या वेण्यांचा मानाचा पट्टा बांधला आणि गाठ ओढून पाहिली.

"माझी सगळी प्रार्थना ह्या गाठीत आहे गं लेसी. सुटली तर बघ."

"आई, श्वास तरी घेऊ देशील?"

"नोकरी लागल्यावर घे."

लेसिएली हसली. पदवी घेतल्याला तिसरं वर्ष लागलं होतं. तेव्हापासून ती आईशेजारी बसून केतकीच्या पातीच्या चटया विणत होती. जागा निघाली की अर्ज करायचा आणि नकार आला की देवाने वेगळं काही ठरवलं असेल म्हणून पुन्हा चटईवर बसायचं. ह्या खेपेला राजधानीत, नुकुआलोफाला, जमीन खात्यात कनिष्ठ कारकुनाची एकच जागा होती. लेखी परीक्षा दोन दिवसांत गटागटाने झाली होती आणि मुलाखतीचं बोलावणं आलं होतं.

"फिलिमोने दिसत नाही सकाळपासून," ती म्हणाली.

"गेलाय कुठे कामाला." आई उगाचच चुलीकडे वळली.

फिलिमोने तिचा पाठचा भाऊ. आवाज फुटला तसा तो अंगणापलीकडच्या मुलांच्या झोपडीत झोपायला गेला, सगळे भाऊ जातात तसा. तेव्हापासून एका बंद खोलीत दोघं कधी बसली नव्हती, एकमेकांसमोर थट्टेचा शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर आईमार्फत, आणि त्याचं लग्न झाल्यावर लुपेमार्फत. बहीण म्हणजे वरची. तिच्या शब्दाला भाऊ नाही म्हणत नाही, आणि म्हणूनच बहिणीने शब्द जपून वापरायचा असतो. त्याच्याबद्दल लेसिएलीला ठाऊक होतं ते एवढंच, की त्याचंही कॉलेज संपलं आहे, ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जाणाऱ्या तुकडीत त्याचं नाव लागलं आहे आणि लुपेचे दिवस भरत आले आहेत. "इथे काही जमलं तर नाही जाणार म्हणतो," आई एकदा म्हणाली होती. काय जमलं तर, ते तिने सांगितलं नव्हतं.

कचेरीत शिपायाने तिला बोळाच्या टोकाची खोली दाखवली. "आत बसा. दोघंच उरलात आता. दुसरा येऊन बसलाय केव्हाचा."

तिने दार ढकललं. खोलीत एकच बाक होता. बाकावर फिलिमोने बसला होता, कमरेला वडिलांची जुनी चटई गुंडाळून. मानाची म्हणून ती चटई तो मयताला आणि चर्चला सोडून कधी नेसत नसे.

तो उठला. नजर पायांकडे गेली. तिला वाट मिळावी म्हणून भिंतीला पाठ घासत तो दाराकडे सरकला.

"माफ कर, ताई."

तिला वाटलं, खोली एक आहे म्हणून बाहेर ओसरीत थांबेल. मग बोळातून त्याचा आवाज आला.

"माझं नाव काढून टाका."

"का रे? पोट बिघडलं?"

"तसंच समजा."

"मुलाखतीला डुकराचं मांस हाणून येतं का कोणी!" शिपाई खो खो हसला.

लेसिएली बाकावर टेकली. बाक अजून ऊबदार होता. आई चुलीकडे का वळली, ते तिला आता कळलं. आईने दोघांसाठी गुडघे टेकले होते आणि एकाचं दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. देव ज्याला देईल त्याला, अशी तिची साधी समजूत. दोघांना एकाच बाकावर बसवतील, हे त्या भाबडीच्या मनातही आलं नसेल.

ती धावत ओसरीवर आली. फिलिमोने रस्त्यापलीकडे बाजाराच्या गर्दीत शिरत होता. हाक मारली असती तर चार लोक वळले असते, आणि बहिणीने भर बाजारात भावाला जाब विचारला असं झालं असतं. तिने तोंड मिटलं. तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला.

टेबलाशी दोन पुरुष आणि मधे खात्याच्या वरिष्ठ, ओफेइनाबाई. हातात पंखा, चेहरा शांत.

"जमिनीचा नकाशा वाचता येतो?"

"नाही."

"मंत्रालयाला इंग्रजीत पत्र?"

"नाही जमत."

बाईंनी पंखा खाली ठेवला. "पोरी, लेखी परीक्षेत तू सगळ्यांच्या वर होतीस. येताना डोक्यात नारळ पडला की काय?"

मग लेसिएलीला रडू आलं आणि तिने सगळं सांगून टाकलं. दोघे पुरुष टेबलाकडे बघत राहिले. त्यांनाही बहिणी असणार.

"त्याला बोलवा," ती म्हणाली. "त्याच्या घरी बाळ यायचंय."

"बोलावलं तर येईल?"

तिने पट्ट्याच्या गाठीवर हात ठेवला.

"तू नको म्हणालीस तर घेईल तो ही जागा?"

"नाही."

"मग जागा जाईल तिसऱ्याला. तो उठला ते फुकट, आणि वर लोक म्हणतील, भावाने दिलेलं बहिणीने फेकलं." बाईंचा आवाज मऊ झाला. "मलाही भाऊ आहेत, बाळ. सोमवारपासून ये."

रविवारी चर्चहून आल्यावर फिलिमोनेने अंगणातल्या खड्ड्यातल्या तापल्या दगडांवरून जेवण काढलं. अळूच्या पानात बांधलेलं मांस, नारळाचं दूध, रताळी. पानं घेऊन लुपे आत आली आणि हळूहळू खाली बसली.

"पहिलं पान वन्संना द्यायचं, असं बजावलंय."

"कधी निघतोय?"

"उद्या."

"लुपे, मी म्हटलं तर तो थांबेल."

"थांबेल की. म्हणून तर तुम्हाला उद्याचं सांगू नको म्हणाले होते." लुपेने तिचा हात धरला. "नका टाकू शब्द, वन्सं. तुमच्यासाठी थांबतील आणि मग तुमच्या पगारावर बसून खातील. रोज मान खाली घालून. ते मला बघवणार नाही. त्यापेक्षा लांब असलेले बरे."

"आणि तू? बाळ?"

"आई आहेत ना. तुम्ही आहात." ती हसायला गेली आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. "संध्याकाळी कचेरीतून येताना बाळाला काहीतरी आणत जा, म्हणजे झालं."

सगळे बसले. लेसिएली आत, आईशेजारी. फिलिमोने बाहेर पायरीवर, पाठ आतल्या बाजूला करून. वडील गेल्यापासून जेवणाआधीची प्रार्थना तोच म्हणे. त्याने अन्नासाठी आभार मानले, आईच्या तब्येतीसाठी, येणाऱ्या बाळासाठी. मग त्याने मान आणखी खाली घातली.

"आणि ताईला काम दिलंस, त्यासाठी."

आईने डोळे मिटले होते, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती समाधानाने मान हलवत होती. लेसिएलीच्या ओठांवर शब्द आला होता. थांब. एवढाच. तो उच्चारला की उद्याचं विमान त्याच्याविना गेलं असतं. समोर लुपे एक हात पोटावर ठेवून तिच्याकडे टक लावून बघत होती.

"आमेन," लेसिएली म्हणाली.

फिलिमोनेने मागे न बघता सगळ्यांत मोठं पान उंबऱ्यावरून आत सरकवलं.