लोकरीतला भांग

दादानं जॅकेट उलटं केलं, लोकरीची बाजू वर घेतली आणि डोळे मिटून उजवा हात पार खांद्यापर्यंत बाहीत घातला. समोर स्टुलावर बसलेले म्हातारे घड्याळवाले गृहस्थ श्वास रोखून बघत होते. डोळे मिटायची तशी काही गरज नसते. गिऱ्हाइकावर छाप पडते म्हणून दादा मिटतो, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. ती पलीकडच्या टेबलाशी एका कॉलरला चामड्याची पट्टी लावत बसली होती. साठी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत, आणि दादा तर काय, जगाचा दादा.

युद्धातली वैमानिकांची जॅकेटं ओळखण्यात दादाचा हात धरणारा कुणी नव्हता. बाहेरून मेंढीचं तपकिरी कातडं, आतून बोटभर लोकर. उघड्या विमानात हाडं गोठवणाऱ्या थंडीत माणूस जिवंत राहावा म्हणून केलेली ती जॅकेटं. पाठ एका अखंड कातड्याची असली तर युद्धाच्या सुरुवातीचं. तुकडे जोडून केलेली असली तर नंतरचं, कातडी पुरेनाशी झाली तेव्हाचं. चेन कसली, दोरा कसला, पट्टी कुठून वळवली, सगळं दादाला तोंडपाठ. धाकटी तशीच नवी जॅकेटं शिवायची, सिनेमावाल्यांसाठी आणि हौशी लोकांसाठी. ती शिवणार, तो ओळखणार, असा दोघा भावंडांचा संसार वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला होता.

घड्याळवाल्यांनी येताना जॅकेट स्वच्छ चादरीत गुंडाळून आणलं होतं. ते त्यांच्या थोरल्या भावाचं. भाऊ युद्धात विमानाच्या शेपटीत बंदूक धरून बसायचा. परत आला आणि त्या विषयावर त्यानं तोंडाला जे कुलूप घातलं ते मरेपर्यंत काढलं नाही. जॅकेटही ट्रंकेत ठेवलं ते ठेवलंच. आता तो गेला, आणि त्याचीच मुलं म्हणू लागली की बाबा कसले उडतायत, ते तर कोठारात बटाटे मोजत होते; जॅकेट कुठून तरी विकत घेतलं असेल. घड्याळवाले भर जेवणात उठून उभे राहिले होते आणि छातीठोकपणे म्हणाले होते की मी सिद्ध करून दाखवतो. असलं जॅकेट फक्त विमानातून वर जाणाऱ्यालाच मिळायचं. ते खरं ठरलं की भाऊ खरा ठरला.

दादानं हात बाहेर काढला.

"कातडं जुनं आहे. चेनही जुनी," तो म्हणाला. "पण मुंढ्याच्या शिवणीला, बाही जोडतात तिथं, लोकर कात्रीनं कापलीय. आमचे वडील, अप्पा, ही जॅकेटं बनायची त्या कारखान्यात कातडं कापायचे. तिथं कात्री नव्हती. रापीच्या पात्यानं कापायचे, कातड्याच्या बाजूनं, आतल्या लोकरीला धक्का न लावता. कात्री दिसली की समजायचं, युद्धानंतरची नक्कल."

दादानं लोकर दोन बोटांनी फाकवून दाखवली आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं.

"आणि हा भांग बघा. कापायच्या आधी लोकर विंचरून असा भांग पाडणारी जगात एकच बाई आहे, ती ही बसलीय. सुरुवातीच्या काळात हिनं जुनी कातडी उसवून त्यातून काही जॅकेटं शिवली होती. त्यातलंच हे."

धाकटीनं मान वर केली. आपण शिवलेलं प्रत्येक जॅकेट ती लेकरासारखं ओळखत नव्हती, इतकी शिवली होती. दादा म्हणतोय म्हणजे असेल. दादाचा शब्द पडला की त्यावर विचारायचं नाही, ही सवय तिला हाडीमासी भिनलेली होती.

मग दादानं सवयीनं अप्पांची गोष्ट सुरू केली. अप्पा कसे दोन माणसांचं काम एकटे करायचे, मुकादम कसा तोंडात बोट घालायचा, आणि त्या घाईतही त्यांच्या कापात कधी चूक निघायची नाही. घड्याळवाले ऐकत असल्यासारखे मान हलवत होते. चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. शेवटी उठले.

"म्हणजे मुलं बरोबर म्हणत होती," ते म्हणाले. "हे राहू द्या तुमच्याकडेच. परत नेऊन कुणाला दाखवू?"

चादर तेवढी काखेत मारून ते गेले. खिडकीतून धाकटीला ते रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर उभे राहिलेले दिसले. इतर लोक बस कुठवर आली ते बघत होते, हे आपले बुटांकडे बघत होते. तिला वाईट वाटलं. पण खोटं जॅकेट टाकून जाणारे ते काही पहिले नव्हते. लाजेनं म्हणा, रागानं म्हणा, माणसं सोडून जात, आणि ही दोघं ते उसवून त्याच्या तुकड्यांनी दुसरी जॅकेटं दुरुस्त करत.

"पाठीचं कातडं छान आहे," दादा चहाचं आधण ठेवत म्हणाला. "जपून उसव."

तिनं जॅकेट पुढ्यात ओढलं. काखेतून सुरुवात करायची, तिथं पट्टी सैल असते. पातं सरकवलं, पट्टी वीतभर उचकटली, आणि ती थांबली. जुनं कातडं उसवून पुन्हा शिवलं की आधीच्या शिवणीची भोकं राहतात. कितीही लपवा, दोन रांगा दिसतातच. तिच्या स्वतःच्या त्या जुन्या जॅकेटांना तर चाळणीसारखी भोकं होती. इथं भोकांची एकच रांग होती. दोरा कातड्यात मुरून तपकिरी झाला होता. हे कातडं एकदाच शिवलं गेलं होतं, युद्धाच्या दिवसांत, आणि नंतर त्याला कुणी हात लावला नव्हता.

तिनं पट्टी आणखी थोडी उचकटली. पुढेही एकच रांग.

मग भांग कुणाचा?

ट्रंकेत राहिल्यामुळे लोकर कालच्यासारखी मोकळी होती. तिनं बोटानं भांग वरपर्यंत चाचपला. मुंढ्याच्या वळणावर तो जरा डावीकडे झुकत होता. तिचा स्वतःचा कधी झुकत नसे. आणि तो झुकलेला भांग तिनं पाहिला होता, कातड्यावर नव्हे, आरशात, लहानपणी स्वतःच्या डोक्यावर. डावखुऱ्या बाईनं पाडलेला भांग. दुपारचं स्वयंपाकघर, तोंडाला ओला फडका बांधलेली आई, जमिनीवर पसरलेलं कातडं. आई फणी पाण्यात बुडवायची, लोकर विंचरायची, भांग पाडायची, आणि धाकटीला म्हणायची की इथं दोन्ही हातांनी घट्ट धर, हलू नकोस. मग घरातली मोठी कात्री. दादा शाळेतून यायच्या आत झाडलोट, कातड्यांचं गाठोडं पलंगाखाली, आणि कुणाला सांगायचं नाही. कुणाला न सांगणं तिनं इतकं मनापासून पाळलं होतं की तिचं तीच विसरून गेली होती. कापायची ही रीत आपण कुठे शिकलो, असा प्रश्न तिला उभ्या आयुष्यात पडला नव्हता.

"दादा, हे माझं नाही," ती म्हणाली. "हे आईनं कापलंय."

दादा कपबशा घेऊन येत होता. त्यानं आधी त्या खाली ठेवल्या.

आई कधी कारखान्याची पायरी चढली नव्हती, हे त्यानं तिला समजावून सांगितलं. बायकांना तिथं शिवायला बसवत, कापायला कुणी जवळ फिरकूही देत नसे. तुझं काहीतरीच, असंही म्हणाला. धाकटीनं वाद घातला नाही. तिनं त्याचं बोट धरून भोकांच्या एका रांगेवर ठेवलं, आणि मग झुकलेल्या भांगावर. दादा किती झालं तरी जाणकार होता. बोटाला कळलेलं त्याला नाकारता येईना.

"अप्पा गाठोडं घरी आणायचे, ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "सकाळी कारखान्याच्या फाटकापर्यंत मीच न्यायचो ते. मला वाटायचं, आपण झोपल्यावर अप्पा कापत बसतात."

"अप्पा आपल्याही आधी घोरायला लागायचे."

"उघडून कधी बघितलं नाही मी."

"तुला कोण बघू देणार होतं?"

दादा खुर्चीत बसला. मुकादमानं ज्याची सगळ्यांसमोर पाठ थोपटली, ज्याच्या जिवावर आपण आयुष्यभर मान ताठ ठेवून बोललो, त्या दोन माणसांच्या कामातला दुसरा माणूस घरात भाकरी करत होता, हे त्याला आता या वयात पचवायचं होतं. तो अप्पांची बाजू घेऊ पाहत होता. कातडी कारखान्याबाहेर नेल्याचं कळलं असतं तर अप्पांची नोकरी गेली असती, म्हणाला. खरंच होतं ते. आईनं तरी कुठे तक्रार केली कधी, असंही म्हणाला, आणि मग त्याचा त्यालाच तो शब्द नकोसा झाला असावा, कारण त्यानं जॅकेट पुन्हा जवळ ओढलं.

"आजवर कात्रीची म्हणून आपण किती उसवली गं?" त्यानं विचारलं.

उसवणारे हात तिचेच होते. त्या जॅकेटांची लोकर वापरून वापरून चेंदामेंदा झालेली असे, त्यात भांग कुठला दिसायला. पण भोकांच्या रांगा बघता आल्या असत्या. तिनं कधी बघितल्या नव्हत्या. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं, पण अर्धवटच, कारण खिडकीबाहेर बस येताना दिसली.

ती चपला न घालताच धावली. बसच्या पायरीवर एक पाय ठेवलेल्या घड्याळवाल्यांची तिनं बाही धरली, आणि कंडक्टर ओरडत असतानाच त्यांना खाली उतरवलं. काय झालं, हे धापा टाकत तिला सांगता येईना. चला, एवढंच ती म्हणाली.

घड्याळवाले पुन्हा त्याच स्टुलावर बसले. या वेळी चहा त्यांच्यापुढे आला.

"मघाशी मी चुकलो," दादा म्हणाला. "जॅकेट खरं आहे. युद्धातलं."

घड्याळवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा जीव भांड्यात पडला होता, पण माणूस एकदा पोळलेला.

"बघा हं. मी मुलांना सांगणार आहे. पुन्हा शब्द फिरवू नका."

"नाही फिरवणार."

"पण कशावरून म्हणता? मघाशी तर कात्री म्हणालात."

धाकटी पट्टीला डिंक लावत होती, तिचा हात थांबला. दादानं अप्पांचं नाव घेतलं असतं तरी घड्याळवाल्यांचं काम भागणार होतं. कारखान्यात शेवटी शेवटी कात्रीही वापरत, एवढं म्हटलं असतं की झालं. अप्पांना जाऊनही आता जमाना लोटला होता, त्यांचं नाव तेवढं उरलं होतं. तिनं वर बघितलं नाही.

"कापणारीचा हात ओळखीचा आहे," दादा म्हणाला. "आमची आई."

"कारखान्यात होत्या?"

"नाही. घरी, स्वयंपाकघरात. वडिलांच्या वाटचं कापायची. कुणाला माहीत नव्हतं."

घड्याळवाल्यांनी आदरानं मान हलवली. मग भावाच्या मुलांना कसं सांगायचं ते ते मनातल्या मनात जुळवू लागले असावेत, कारण त्यांचे ओठ हलत होते. धाकटीनं पट्टी चिकटवली, वरून चार टाके घातले, जॅकेट झटकून दादापुढे ठेवलं. घड्याळवाले चादर उलगडून उभे राहिले.

दादानं जॅकेट उचललं, पण दिलं नाही. त्यानं बाहीत हात घातला. आता तपासायचं काही उरलं नव्हतं. त्याची बोटं काखेपासून भांगाच्या रेघेवरून हळूहळू वर गेली, वळणाशी थांबली, आणि तिथंच राहिली.

घड्याळवाल्यांनी पुढे केलेले हात मागे घेतले. चादर मांडीवर घेऊन ते पुन्हा स्टुलावर बसले.